रिजेक्शनचा माल

शिरोलीत आमच्या फाउंड्रीची दुसरी पाळी सुटली की गेटसमोरच्या गाड्यावर चहा घेतल्याशिवाय कुणी किक मारत नाही. त्या रात्री पाऊस नुकताच उघडला होता, हायवेवरचे ट्रक पाणी उडवत चालले होते आणि मी एका कानात इअरफोन घालून उभा होतो. मोल्डिंगचे मामा शेजारी येऊन थांबले. आख्खी फाउंड्री त्यांना मामाच म्हणते. "काय ऐकालास रं?" म्हणत त्यांनी दुसरा इअरफोन मागून घेतला, पण कानात घातला नाही. नखांच्या कडेला काळी वाळू कायमची बसलेल्या दोन बोटांत धरून तो नुसता कानाशी नेला. मी ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड ऐकत होतो, म्हणजे खरं तर ब्लॅक सॅबथ व्हायच्या आधीचं. ही चार पोरं 'अर्थ', म्हणजे पृथ्वी, या नावानं ब्लूज वाजवत फिरायची, तेव्हा १९६९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओत टेप केलेलं. त्यांच्या पहिल्या मॅनेजरकडं, जिम सिम्पसनकडं, त्या टेपा पडून होत्या, त्या थेट २०२५ मध्ये बाहेर आल्या. हे सगळं मी सांगेपर्यंत मामांनी मिनिटभर ऐकलं होतं. "पोरं हाईत ही," ते म्हणाले, "अजून बसलं न्हाई त्यांचं." मी म्हटलं, म्हणूनच तर ऐकतोय. तसं ते आजूबाजूच्या पोरांकडं बघून म्हणाले, "बघा, ह्यो दिवसभर रिजेक्शन काढतोय आन् घरी जाताना रिजेक्शनच ऐकतोय!" सगळे हसले, मीही हसलो. गाडीवर टांग टाकता टाकता मात्र त्यांनी वेगळ्याच आवाजात सांगितलं, "आपण कधी गिऱ्हाईकाला रिजेक्शन दावत न्हाई बाबा."

हे शेवटचं वाक्य तावडे हॉटेलच्या कमानीपर्यंत माझ्याबरोबर आलं, आणि पुढं घरापर्यंतही.

मी क्वालिटीत आहे. रिजेक्शन काढणं हेच माझं काम, म्हणजे मामांनी नेम बरोबर धरला होता. आमच्याकडं मशीन आहेत, रिपोर्ट आहेत, पण माझा भरवसा अजून हातोडीवर. कास्टिंग साखळीला टांगायचं आणि बेताचा एक ठोका द्यायचा. एसजी आयर्नचं, म्हणजे चिवट जातीच्या ओतीव लोखंडाचं असेल आणि आतून नीट असेल तर आवाज टणकन उठतो आणि लांबत जातो. तडा गेलेला असेल तर बद्द आवाज येतो, जागच्या जागी संपणारा. ग्रे आयर्न, म्हणजे साधं ओतीव लोखंड, मुळातच आवाज गिळून टाकतं, त्यामुळं तिथं कान आणखी बारीक करावा लागतो. दोष तरी किती: ब्लो होल म्हणजे हवेची पोकळी, वाळू अडकलेली, आणि सगळ्यात फसवं म्हणजे कोल्ड शट. साच्यात दोन बाजूंनी आलेला रस एकमेकांना भेटतो खरा, पण तोवर तो एवढा निवलेला असतो की एकजीव होत नाही. वरून नुसती केसासारखी रेघ दिसते. अशा मालावर मी लाल रंगाची फुली मारतो आणि तो रनर-रायझरच्या, म्हणजे रस ओतायच्या वाटांत गोठलेल्या लोखंडाच्या, ढिगात जातो. दुसऱ्या दिवशी सगळा ढीग भट्टीत. चौदाशे अंशांच्या आसपास कालचं रिजेक्शन आणि आजचं स्क्रॅप यांत काही फरक उरत नाही. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. उलट परत वितळतं म्हणून तर धंदा परवडतो.

म्हणूनच आयर्न मेडन या इंग्लंडच्याच मेटल बँडच्या एका टेपची गोष्ट मला इतर चाहत्यांपेक्षा जरा वेगळी भिडते. १९७८ च्या ३० आणि ३१ डिसेंबरला ते केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत गेले आणि चार गाणी टेप करून आले. मास्टर टेप विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते. ऐकण्यापुरती कॉपी घेऊन ते परतले, मास्टर नंतर घेऊ म्हणाले. थोड्या दिवसांनी पुन्हा गेले तर स्टुडिओनं ती टेप पुसून दुसऱ्या कुणासाठी वापरलेली. हे ऐकून माझा इंजिनिअर मित्र भडकला होता: "इतिहास पुसला रे त्यांनी!" मला मात्र त्या स्टुडिओवाल्याची बाजू लगेच कळली. टेप हा त्याचा कच्चा माल होता. नाव नसलेल्या पाच पोरांनी न उचललेला माल तो किती दिवस रॅकवर ठेवणार? आपल्याकडं आकाशवाणीतसुद्धा जुन्या टेपांवर नवे कार्यक्रम चढवायची रीत होतीच. कशावरून काय पुसलं गेलं हे आता कोण सांगणार.

पण हातात आलेल्या कॉपीनं त्या पोरांचं नशीब उघडलं. नील के नावाचा डीजे लंडनमध्ये 'साउंडहाउस' चालवायचा, त्यानं ती लावली आणि 'प्राउलर' हे गाणं त्याच्या तिथल्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच पाच हजार रेकॉर्डी काढल्या, टपालानं विकल्या. नाव ठेवलं 'द साउंडहाउस टेप्स'. चारांतली तीनच गाणी त्यात घेतली, चौथं 'स्ट्रेंज वर्ल्ड' वगळलं, कारण ते मनासारखं झालं नव्हतं. लाल फुली त्यांनी स्वतःच्या हातानं मारली. मामांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बराबर हाय. पण मग १९९६ मध्ये 'बेस्ट ऑफ द बीस्ट' हा संग्रह काढताना त्याच मेडननं रेकॉर्डच्या आवृत्तीत स्पेसवर्डमधलं 'स्ट्रेंज वर्ल्ड'ही घातलं. सतरा-अठरा वर्षांत त्या गाण्यात तर काही सुधारणा झालेली नव्हती. मग फुली पुसली कुणी?

माझी स्वतःची सुरुवात मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या डेमोपासून, म्हणजे अल्बमच्या आधी टेप केलेल्या कच्च्या गाण्यांपासून, झाली. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात मेटल ऐकणारी पोरं एका रिक्षात मावली असती. कॅसेटच्या दुकानांत नवी हिंदी गाणी, लावण्या, भक्तिगीतं, आणि काउंटरखाली 'इंग्लिश'चा एक खोका, त्यात निम्मी डिस्को. कागदावर गाण्यांची यादी लिहून दिली की दुकानदार कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा, पण आमची यादी वाचून तो कागद तसाच परत सरकवायचा. मग भिस्त मुंबईत शिकायला गेलेल्यांवर. एका मित्राच्या मावसभावानं दिवाळीला येताना एक साठ मिनिटांची कॅसेट आणली. वर निळ्या बॉलपेननं नुसतं 'मेट. जुनं' लिहिलेलं. ६ जुलै १९८२ ला कॅलिफोर्नियात टस्टिनच्या एका स्टुडिओत केलेला तो 'नो लाइफ टिल लेदर' हा डेमो होता, हे मला फार नंतर समजलं. तो कधी दुकानात आलाच नव्हता. पोरांनी एकमेकांना टपालानं पाठवून, कॉपीची कॉपी काढत तो जगभर नेला, आणि त्या साखळीची कितवी तरी कडी मंगळवार पेठेत आमच्या टू-इन-वनमध्ये अडकली. हल्ली त्या खरखरीचं कौतुक करायची फॅशन आहे. मला ती कधीच आवडली नाही. झांजा कुठल्या आणि खरखर कुठली हे कळायचं नाही, बास तर आम्ही अंदाजानंच ऐकायचो. एका डेकवर टेप जरा जलद फिरायची आणि दुसऱ्यावर संथ, त्यामुळं गायक हेटफील्ड कधी पोरसवदा वाटायचा आणि कधी पडसं झाल्यासारखा. २०१५ मध्ये बँडनं स्वतः तोच डेमो मूळ कॅसेटच्याच रूपात पुन्हा काढला, तो स्वच्छ आवाज ऐकून मला पहिल्यांदा कळलं की गिटारवाला किती आग लावतोय.

तो गिटारवाला म्हणजे डेव्ह मस्टेन. एप्रिल १९८३ मध्ये त्याला न्यूयॉर्कमधून बसमध्ये बसवून घरी पाठवलं, आणि जुलैत मेटॅलिकाचा पहिला अल्बम 'किल एम ऑल' आला त्यावर त्याच्या जागी कर्क हॅमेट होता. डेमोतलं 'द मेकॅनिक्स' हे मस्टेनचं गाणं. पेट्रोल पंप, गाड्या, आणि पोरकट चावटपणा. मेटॅलिकानं त्याचा वेग उतरवला, मध्ये एक संथ भाग बसवला, शब्द बदलून प्रलयाचे चार घोडेस्वार आणले आणि नाव केलं 'द फोर हॉर्समेन'. मस्टेननं १९८५ मध्ये आपल्या मेगाडेथ या बँडच्या पहिल्या अल्बमवर तेच गाणं उलट आणखी जोरात पळवलं. एकाच पॅटर्नवरून दोन कारखान्यांनी माल काढला, दोन्ही गिऱ्हाइकाला पसंत पडले, आणि भांडण बरीच वर्षं चाललं. डेमोत मात्र हे अजून काहीच घडलेलं नाही. चौघं एका खोलीत आहेत, गाणं एकच आहे, आणि आपण पुढं काय करणार आहोत हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. मी डेमो ऐकतो तो ह्यासाठी. आवाजासाठी नाही. नाही तर हल्ली ज्या जाडजूड पेट्या निघतात, एकाच गाण्याचे रफ मिक्स, सहावा टेक, सातवा टेक, गायक खोकतोय, त्या मला पाच मिनिटं सहन होत नाहीत. तिथं मामांचं शंभर टक्के खरं. तो निव्वळ रनर-रायझरचा ढीग आहे, पॉलिश करून विकायला ठेवलेला.

सॅबथचं प्रकरण याहून खोल जातं, आणि कोल्हापुरात कारखान्यांच्या उद्यमनगरशेजारी वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा परत जायला नको म्हणत होता. आईनं सांगितलं, काम पुरं करून ये. एक माणूस आला नव्हता म्हणून याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. आमच्या गल्लीत पॉवर प्रेसवर पेर गेलेले तिघंचौघं तरी होते. त्यांतले एक दुपारी सोंगट्या खेळायचे आणि उरलेल्या बोटानं सोंगटी अशी टिचकी मारून सारायचे की धडधाकट माणसाला जमू नये. आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, पातळ तारा शोधल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. १९६८ च्या अखेरीस थोडे दिवस तो जेथ्रो टल या बँडमध्ये गेला. ती मंडळी सकाळी नऊला तालमीला हजर असतात हे बघून आला आणि परतल्यावर आपल्या पोरांना तीच शिस्त लावली. 'अर्थ'च्या या टेपा त्यानंतरच्या. त्यात ब्लूजच्या उधारीच्या चाली आहेत, जॅझच्या अंगानं जाणारं 'सॉंग फॉर जिम' आहे. जगाला माहीत असलेला तो काळाकुट्ट, जड आवाज अजून यायचाय. १६ ऑक्टोबर १९६९ ला एका दिवसात त्यांनी पहिला अल्बम टेप केला, तो सुरू होतो पाऊस, घंटा आणि त्या तीन सुरांनी. मधले महिने अगदी थोडे. त्या थोड्या महिन्यांत काय झालं हे शोधायला मी या टेपा पुन्हा पुन्हा लावतो. कधी वाटतं इथं, या वळणावर सापडलं. मग ते सूर ब्लूजमध्येच विरघळून जातात.

गावातल्या गावात याचं दुसरं टोक आहे. देवल क्लब या गावातल्या जुन्या संगीत संस्थेवरून जाताना अल्लादिया खाँसाहेबांची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. आमलेट्याच्या दरबारात अतोनात गावं लागून त्यांचा आवाज बसला, मूळचा गोडवा परत आला नाही, आणि मग त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीच्या पेचांची, वळणावळणाची गायकी बांधली. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात आणलं, इथंच जयपूर घराणं रुजलं. आयोमीच्या बोटांची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो आणि खाँसाहेब एकाच पंगतीत दिसले, आणि गाण्यातल्या जाणत्या माणसांपुढं हे बोलायची हिंमत मी आजवर केलेली नाही. पण मुद्दा वेगळाच आहे. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. ग्रामोफोन कंपन्यांचा जमाना होता, शिष्यांच्या रेकॉर्डी निघत होत्या, केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. गुरूंनी मात्र आपला आवाज तबकडीला दिला नाही. तिथं डेमो नाही, कच्चं नाही, पक्कंही नाही. लहानपणी मला याचा राग यायचा. आता मी तेवढ्या ठामपणे रागावू शकत नाही. ज्याला साऱ्या मालावरच फुली मारायची आहे त्याला आपण कोण अडवणार?

मार्च २००७ मध्ये मेडन बंगळुरूला आले तेव्हा आम्ही काही जण रात्रीच्या बसनं गेलो होतो. शेवटाकडं 'आयर्न मेडन' हे गाणं आलं, त्या स्पेसवर्डच्या टेपमधलंच. मंचावर त्या टेपमधले दोघेच होते, स्टीव्ह हॅरिस आणि डेव्ह मरी. हजारो पोरं बोंबलत होती आणि माझ्या डोक्यात ती बुटकी, घाईची, पैसे न दिलेली आवृत्ती चालू होती. शेजारचा हुबळीचा पोरगा माझ्या खांद्यावर चढायच्या बेतात होता, त्यामुळं फार विचार करता आला नाही.

आता आमच्या घरच्या टेपबद्दल. मेटॅलिकाची ती कॅसेट आमच्या आप्पांनी एका एकादशीला उचलली. पेठेतलं भजनी मंडळ आमच्या सोप्यात बसणार होतं, टेप करायचं ठरलं, आणि कोरी कॅसेट कुणी आणली नव्हती. मी पाठीमागच्या पट्ट्या तोडून ठेवल्या होत्या. आप्पांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि दुसरी बाजू भरून टाकली. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्या टेपवर पखवाज आहे, टाळ एवढे वर आहेत की कानठळ्या बसाव्यात, मध्येच कुणीतरी "चहा ठेवा" म्हणतं. गाणारे आमच्या पेठेतले बुवा. तुकोबांच्या अभंगात दुसऱ्या चरणाला ते समेच्या आधीच शिरतात, सूरही वर चढतो, मागची मंडळी गडबडतात आणि पखवाजवाला कसाबसा सगळ्यांना ओढून जागेवर आणतो. शेवटी गजर होतो, खटकन बटण बंद पडतं आणि लगेच मधूनच 'फँटम लॉर्ड' सुरू होतं. दुसऱ्या दिवशी बुवांनी येऊन ते ऐकलं. गजरानंतरचं ऐकून दचकले, हसले, मग आप्पांना म्हणाले, "ते दुसरं चरण वाईट झालंय. हे पुसून टाका, कुणाला देऊ नका." आप्पा हो म्हणाले आणि कॅसेट कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. पुसली नाही, आणि कुणाला दिलीही नाही. निम्मा शब्द पाळला म्हणायचा. आज दोघंही नाहीत, पखवाजवालाही नाही.

गेल्या महिन्यात बुवांच्या नातीचा मेसेज आला. पुण्यात असते, तिला कुणाकडून तरी कॅसेटचं समजलं होतं. घरात आजोबांचे फोटो आहेत, आवाज कुठंच नाही, ती कॅसेट अजून आहे का, असं तिनं विचारलं होतं. आता उत्तर देणं भाग होतं आणि मामांचं वाक्य ताजं होतं. बुवांनी फुली मारलेली, तीही स्पष्ट शब्दांत. मेडननं आपलं स्वतः काढलं, मेटॅलिकानंही. मालक हयात होते, त्यांनी ठरवलं. इथं मालकानं ठरवलेलंच आहे, फक्त माल माझ्या कपाटात आहे. हे मी मामांपुढंही ठेवलं, पाळी बदलताना, उभ्या उभ्या. ते म्हणाले, "नात गिऱ्हाईक हाय व्हय?" आणि हेल्मेट घालून आत निघून गेले.

टू-इन-वनचा बेल्ट विरघळून काळा चिकटा झाला होता. लक्ष्मीपुरीत एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडं त्या मापाचा बेल्ट निघाला. कॅसेट दोनदा इकडून तिकडं गुंडाळून सैल केली, वायर लावून लॅपटॉपवर उतरवली. खरखर काढायचं सॉफ्टवेअर होतं, पण ते चालवलं की टाळ पत्र्यासारखे वाजायला लागले, म्हणून नाद सोडला. गजरापर्यंत कापून फाइल पाठवली. तासाभरानं उत्तर आलं. खूप आभार मानले होते, आणि खाली एक प्रश्न: "काका, यात आजोबा कोणते? खूप जण गातायत."

मी लिहिलं, "दुसऱ्या चरणाला जे सगळ्यांच्या आधी शिरतात, ते."